भिंतीवरची काठी

ढब्बूची काठी मी केली तेव्हा तिच्या लाकडाबद्दल जे काही सांगितलं, त्यातलं निम्मं तरी खरं होतं. लाकूड एका पाडलेल्या घराच्या चौकटीचं होतं, हे खरं. त्या चौकटीवर एकदा वीज पडायला आली, पण लाकूड इतकं टणक की ती दोनदा आपटली आणि कंबर धरून परत गेली, हे मी जरा वाढवून सांगितलं. वीज एकदाच आपटली होती.

मी सुतार. हातापेक्षा तोंड जास्त चालतं म्हणून सगळी गल्ली मला थापाड्या म्हणते. आमची ही तर पाहुण्यांच्या हातात पाण्याचा पेला देतानाच सांगून टाकते, "ह्यांचं ऐका, पण धरून बसू नका." त्याचा मला राग येत नाही. राग यायला जगात इतर पुष्कळ सोय आहे. या काठीपायी मला जेवढा राग आला तेवढा उभ्या आयुष्यात आला नव्हता, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही. रंधा मारताना अधूनमधून वर येतो, आणि मग गिऱ्हाइकाचं टेबल ठरल्यापेक्षा बुटकं होतं.

ढब्बू माझा लंगोटीयार. धंद्यानं बेकरीवाला, अंगानं नावाला शोभेल असा, आणि स्वभावानं त्याच्या मळलेल्या पिठासारखा. कुठेही बोट खुपसा, हसून पुन्हा फुगून वर येणार. त्याला साखरेचा आजार. डॉक्टरनं गोड बंद करायला सांगितलं, तर यानं डॉक्टर बंद केला. पुढे डावा पाय पेटला. आधी तळव्याला मुंग्या, मग सुया, मग कुणी निखारे धरल्यासारखी आग. भट्टीसमोर उभं राहणं जमेना, म्हणून मी ती काठी केली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं, असा तो उभा राहिला की नाव वल्हवतोय असं वाटायचं.

मग आमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली. आमचे पाळक तेव्हा नवे होते. अंगानं काडी, आवाज मात्र रिकाम्या टाकीतून आल्यासारखा. ढब्बू लंगडत पुढे गेला, गुडघ्यावर बसला, मंडळीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवले. बराच वेळ प्रार्थना चालली. आणि ढब्बू उठला. उठला आणि पाय आपटून बघितला. पुन्हा आपटला.

"दुखत नाही," तो म्हणाला. मग ओरडला, "अरे, दुखतच नाही!"

त्यानं काठी फेकली. ती घरंगळत ऑर्गनखाली गेली. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी, ज्या स्वतःच्या भावाच्या मयताला एक सूर चुकल्या नव्हत्या, त्या हुंदके द्यायला लागल्या. मीही रडलो. इतका रडलो की पुढच्या बाकावरच्या माणसाला छत्री उघडावी लागली. आणि हे ध्यानात ठेवा, ढब्बू खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दुखत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात पाळक माझ्या दुकानात आले. ती काठी भिंतीवर लावायची होती, क्रुसाच्या उजव्या अंगाला, सगळ्यांना दिसेल अशी. मी दोन खुंट्या ठोकल्या, काठी आडवी ठेवली, वरून पितळेची पट्टी स्क्रूनं आवळली. मनात म्हटलं, चला, काठ्यांची गिऱ्हाइकं वाढतील. वाढली ती चर्चची. काठी बघायला लोक येऊ लागले, रिकामे बाक भरले, आणि दर रविवारी साक्ष द्यायच्या वेळेला पाळक ढब्बूला पुढे बोलवू लागले. मग ढब्बू बाकांच्या मधून वेदीपर्यंत ताठ चालत जायचा, पाय आपटून दाखवायचा, परत यायचा. नवऱ्यामुलाची वरात निघावी तसा. मंडळी टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचो.

एके दिवशी दुपारी मी पाव आणायला बेकरीत गेलो. ढब्बू टेबलाशी उभा राहून पिठाचे गोळे तोडत होता. मी नेहमीप्रमाणे त्याच्या शेजारी जाऊन गोष्ट सुरू केली. माझ्या मेव्हण्यानं पाळलेल्या बदकाची गोष्ट. ते बदक इतकं आळशी होतं की तळ्यात पोहायला उतरायचं नाही, काठावर बसून तळ्याला हाक मारायचं. गोष्ट रंगात आली होती, आणि वरच्या फळीवरचा गरम पाव घ्यायला मी पुढे सरकलो, तेव्हा पायाखाली काहीतरी मऊ लागलं.

फरशी मऊ नसते. खाली बघितलं. माझा जाडजूड बूट ढब्बूच्या कापडी बुटावर होता. नुसता टेकलेला नव्हे, माझा सगळा भार त्याच्या बोटांवर.

मी पाय काढायला हवा होता. पण अंगावर असा काटा आला की काढता येईना. मी गोष्ट पुढे चालू ठेवली. बदकाला लग्नाची मागणी आणली. बदकाच्या सासूचं वर्णन केलं. ढब्बू खदाखदा हसत होता, हातानं गोळे तोडत होता.

"पुरे रे थाप्या, मरेन हसून."

"ढब्ब्या," मी म्हणालो, "मी कशावर उभा आहे?"

"थापांवर. आणखी कशावर?"

"खाली बघ."

त्यानं बघितलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला. त्यानं पाय हिसडून घेतला.

"बूट जाड आहे," तो म्हणाला.

"कापडी बूट आहे. रुमालाएवढा जाड."

तेवढ्यात मला फरशी दिसली. बेकरीच्या फरशीवर पिठाची भुकटी कायम पसरलेली असते, त्यात त्याच्या चालण्याचे ठसे उमटले होते, भट्टीपासून टेबलापर्यंत. उजव्या पायाचे ठसे कोरडे. डाव्या पायाच्या प्रत्येक ठशात टाचेपाशी एक ओला, लालसर डाग. आणि ताज्या पावाच्या वासाखाली दुसरा एक वास होता. इतका वेळ मला वाटत होतं मोरी तुंबली असेल.

"बूट काढ."

"वेडा आहेस का?"

मी खाली बसून त्याच्या बुटाला हात घातला. त्यानं मला पिठाच्या हातानं ढकललं. आमची झटापट ऐकून वहिनी, म्हणजे त्याची बायको, पुढच्या दुकानातून आत आल्या.

"काय चाललंय भाऊजी? लहान आहात का दोघं?"

"काही नाही गं," ढब्बू म्हणाला, "थाप्या थापा मारतोय." आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून खुपतं.

वहिनी गेल्यावर त्यानं दार लोटलं, स्टुलावर बसला आणि मोजा सोलला. सोलला म्हणतो, कारण तो सरळ निघत नव्हता. टाचेला खड्डा पडला होता. कडा काळ्या, मध्ये जे होतं ते मी सांगणार नाही. मी रंगवून सांगणारा माणूस आहे, पण त्याला रंगवायची गरज नव्हती.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. निखाऱ्यावर पाय पडला असेल. कळलंच नाही ना."

"वहिनींना माहीत आहे?"

"झोपतानाही मोजा घालतो. थंडी वाजते म्हणून सांगितलंय."

"आणि डॉक्टर?"

"कसा जाऊ?"

"कसा म्हणजे? पायानं. अजून आहे तोवर."

"अरे, मी दवाखान्याच्या पायरीवर दिसलो तर लोक काय म्हणतील? काठी तिथे भिंतीवर लटकते आहे. देव खोटा पडेल."

"देवाचं काय पडायचं ते देव बघेल. तुझा पाय पडेल!"

"तुला नाही कळायचं." तो अगदी शांत होता, आणि त्या शांतपणानंच माझं डोकं फिरलं. "ती कोपऱ्यावरची शिवणकामवाली. नवरा गेल्यापासून तिनं देवाचं नाव टाकलं होतं. माझा पाय बरा झाला म्हटल्यावर चर्चला यायला लागली. मागच्या बाकावर बसते. तिला काय सांगू मी? चूक झाली, घरी जा?"

वाईट माणसावर रागवणं सोपं असतं. चांगला माणूस चांगल्या कारणासाठी कुजत बसला की राग ठेवायचा कुठे तेच कळत नाही. मी पावांचा ट्रे लाथेनं उडवला. पाव सगळीकडे घरंगळले.

"मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो.

"सांग की." मोजा वर ओढत तो हसला. "तुझं कोण ऐकतंय? तू थापाड्या."

माझ्या मित्रानं, माझ्याच नावानं, मला गप्प केलं. त्याला एक ठेवून द्यावी असं वाटलं. दिली नाही, कारण तो बसलेला होता आणि मी बसलेल्या माणसाला मारत नाही.

तिथून मी थेट डॉक्टरकडे गेलो. तोच डॉक्टर, ज्याला ढब्बूनं बंद केलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"दुखायचं थांबलं म्हणजे पाय बरा झाला नाही हो. मुका झाला. आता त्याला कापलं, भाजलं, तरी तो सांगणार नाही. ताबडतोब घेऊन या. उशीर केलात तर कुठून कापायचा एवढंच ठरवायला आणाल."

मग पाळकांकडे. ते चर्चमध्ये खुर्च्या मांडत होते, कारण आता बाक पुरत नव्हते. मी सगळं सांगितलं. मुका पाय, खड्डा, वास.

"काका," ते मान तिरकी करून म्हणाले, "मागच्या महिन्यात तुम्हीच मला सांगितलंत की तुमच्या करवतीला दात आले तेव्हा ती रडत होती."

"ते वेगळं!"

"शंका माणसाच्या मनात कोण पेरतो ते ठाऊक आहे ना?"

"शंका नाही पेरत आहे मी, जखम सांगतोय! जाऊन बघा! मोजा काढा!"

"एवढ्या साक्षीनंतर मी त्याच्याकडे जाऊन मोजा काढ म्हणू? त्याला काय वाटेल? या सगळ्या नव्या लोकांना काय वाटेल?" असं म्हणताना ते त्या खुर्च्यांकडे बघत होते. एकेका खुर्चीवर हात फिरवत होते. त्या माणसाला मी लबाड म्हणणार नाही. घाबरलेला होता. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात माझ्या मित्राचा पाय होता, आणि तो खुर्च्या पुसत होता.

घरी येऊन मी दुकानाचं दार आतून लावलं. प्रभू येशू माझ्याच धंद्यातला, त्यामुळे आमचं बोलणं जरा मोकळं असतं. त्या दिवशी मी त्याला नको नको ते बोललो. म्हटलं, तू आंधळ्यांचे डोळे उघडलेस, मग या शहाण्यांचे का मिटून ठेवलेस? आग तरी राहू द्यायची होतीस त्या पायात! ओरडला असता बिचारा आणि कुणीतरी धावलं असतं. म्हटलं, तुझ्या नावानं माझा दोस्त सडतोय आणि तू भिंतीवरून बघतोस. बराच वेळ भांडलो. आमची ही दाराबाहेरून म्हणाली, "कुणाशी भांडताय?" मी म्हटलं, "मालकाशी." ती म्हणाली, "मग जेवून घ्या आधी, लांबेल ते."

उत्तर काही आलं नाही. समोर स्क्रूड्रायव्हर पडला होता. तो कायमच तिथे पडलेला असतो. पण त्या दिवशी तो मला जरा जास्तच दिसला.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चच्या दाराशी मी वहिनींना गाठलं आणि एका दमात सांगितलं. त्यांनी पदर सावरला, ओठ घट्ट मिटले.

"भाऊजी, आमच्या भट्टीत मगर राहते म्हणून तुम्ही मला आठवडाभर घाबरवलं होतंत."

"वहिनी, मगर खोटी होती. हे खरं आहे."

"मलाही वास आला होता. मी विचारलं त्यांना. त्यांनी मोजा काढून पाय दाखवला. चांगला आहे."

"कोणता पाय?"

वहिनी बोलायला गेल्या आणि थांबल्या. आत ऑर्गन सुरू झाला होता. त्या तशाच आत गेल्या, पण जाताना त्यांची नजर नवऱ्याच्या बुटांवर होती.

साक्षीची वेळ आली. पाळकांनी हात पुढे केला, ढब्बू उठला. मीही उठलो. तो मधल्या वाटेनं निघाला, मी भिंतीच्या कडेनं. तो वेदीपाशी पोचायच्या आत मी एक खुर्ची ओढून तिच्यावर चढलो आणि पितळेच्या पट्टीचा पहिला स्क्रू फिरवायला घेतला.

"काका! काय करताय?" पाळकांचा टाकीतला आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"माझं काम आहे, माझं मी काढतोय."

"थापाड्या, खाली उतर!" मागून कुणीतरी ओरडलं. कुणी हसलं. दुसरा स्क्रू माझ्या हातातून पडला आणि फरशीवर नाचत गेला. पट्टी लोंबली. मी काठी उपसून काढली, खुर्चीवरून उतरलो आणि ती ढब्बूसमोर धरली.

"घे. आणि चल डॉक्टरकडे."

ढब्बूचा चेहरा लाल झाला होता. एवढ्या वर्षांत त्याला चिडलेला मी पहिल्यांदा बघत होतो. "ती जागेवर ठेव," तो दातओठ खात म्हणाला. "थाप्या, ही गंमत नाही. ही देवाची काठी आहे."

"ही माझी काठी आहे! मी रंधा मारलाय हिला! देवाला काठी लागत नाही, तुला लागते!" आता माझा तोल सुटला होता. बोलत होतो की भुंकत होतो कोण जाणे. "देवाची अब्रू झाकतोस? मोज्यात? अरे, प्रभू मेलेल्यांतून उठला तरी त्यानं हातावरच्या जखमा लपवल्या नाहीत! लोकांना बोलावून दाखवल्या! बोट घाला म्हणाला! आणि तू त्याच्यापेक्षा मोठा लागून गेलास का, झोपतानाही मोजे घालणारा?"

चर्चमध्ये कुजबूज सुरू झाली. कुणाला काही कळत नव्हतं. पाळक म्हणाले, "मंडळी, शांत राहा, काकांची तब्येत..."

"माझी तब्येत ठणठणीत आहे! याचा पाय बघा!"

"माझा पाय बरा आहे!" ढब्बू गरजला. तो मंडळीकडे वळला. "हा थापाड्या आहे, सगळ्यांना माहीत आहे! बघा तुम्हीच! हे बघा!" आणि त्यानं डावा पाय उचलून फरशीवर आपटला. जोरात. पुन्हा आपटला. "दुखतंय का मला? दुखतंय? हे बघा!"

सगळे बघत होते. चर्च असं गप्प झालं की ऑर्गनच्या भात्यातली उरलेली हवा निघून जाताना ऐकू आली. ढब्बू लोकांच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं, पटलं यांना. तो हसला. जिंकल्यासारखा मान उंचावून उभा राहिला.

लोक त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. कापडी बुटाच्या शिवणीतून रक्त आणि पू फरशीवर उतरत होता, पांढऱ्या दगडावर पसरत होता, आणि त्या सगळ्या चर्चमध्ये ते ठाऊक नसलेला माणूस एकच होता.

"अहो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी त्याच्या पायाकडे बोट केलं.

तेव्हा त्यानं खाली बघितलं.

पहिली पुढे आली ती शिवणकामवाली. मागच्या बाकावरून, बायकांना कोपरानं बाजूला सारत. तिनं ढब्बूला खांद्याला धरून खाली बसवलं, ओढणी काढली, दातानं तिची कड फाडली आणि बूट सोडवायला लागली. ढब्बू तिच्याकडे बघून लहान मुलासारखा रडायला लागला.

"ताई, मी तुम्हाला फसवलं. तुम्ही माझ्या पायाकडे बघून..."

"तुमच्या पायाकडे?" ती गाठ मारता मारता त्याच्यावर खेकसली. "मी काय तुमच्या पायासाठी येते होय इथे? घरी माझ्याशी कुणी बोलत नाही, इथे दोन माणसं बोलतात, म्हणून येते. पाय वर धरा. वर! म्हणे फसवलं!"

मावशी ऑर्गनवरून उठल्या. "बघत काय बसलात सगळे? गाडी आणा कुणीतरी!"

पाळक पांढरेफटक पडले होते. पण ते झग्याच्या बाह्या सारून पुढे आले आणि माझ्यासमोर हात केले. आम्ही एकमेकांची मनगटं धरून बैठक केली आणि ढब्बूला तिच्यावर बसवून बाहेर काढलं. मी पियानो उचललेत, कपाटं उचललीत, एकदा तर झोपलेल्या घोड्यासकट टांगा उचललाय, पण ढब्बूएवढं जड काही उचललेलं नाही. पाळकांचे पाय लटपटत होते. मी त्यांना म्हटलं, "सोडलंत तर याद राखा." सोडलं नाही त्यांनी.

डॉक्टरनं पाय वाचवला. दोन बोटं गेली, टाचेचा बराच भाग खरवडला, पण पाय राहिला. शस्त्रक्रिया चालू असताना पाळक माझ्या शेजारी बाकड्यावर बसले होते.

"तुम्ही मला येऊन सांगितलं होतंत," ते म्हणाले.

"हो."

"मी ऐकलं नाही."

"नाही."

त्यांना वाटलं मी आणखी काही बोलेन, असू दे वगैरे म्हणेन. मी नाही म्हटलं. असू दे नव्हतंच ते. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागले. थोड्या वेळानं मीही माझे हलवले. माझी प्रार्थना ऐकण्यासारखी नव्हती, पण त्यात ढब्बूचं नाव पुष्कळदा होतं.

बेकरी बंद ठेवून चालणार नव्हतं. पहाटेपासून पीठ मळायला पाळक जाऊ लागले. त्यांचा पहिला पाव इतका घट्ट निघाला की मी तो दुकानात नेऊन दाराला अडसर म्हणून लावला. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, अजून आहे. मावशी भट्टी सांभाळायच्या, आणि पाव फुगला नाही की त्याला शाळेतल्या पोरासारखं रागवायच्या. शिवणकामवाली गल्ल्यावर बसायची. चर्चमधले लोक ते दगड मुकाट्यानं घेऊन जायचे. हळूहळू पाव मऊ झाले. पाळकांचा आवाजही जरा मऊ झाला. पीठ नाकातोंडात गेल्यामुळे असेल.

मी रोज दवाखान्यात जायचो. ढब्बू माझ्याशी बोलत नव्हता. मी बसायचो, गोष्ट सांगायचो, तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. ड्रेसिंग करणारी सिस्टर हसायची, तो नाही. वहिनी म्हणायच्या, "चारचौघांत झालं ना भाऊजी, मनाला लागलंय त्यांच्या." मी म्हणायचो, लागू दे. कुठे तरी लागतंय ना. पण घरी येताना जीव खालीवर व्हायचा. पाय राहिला होता आणि मित्र गेला की काय, हे मला कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती.

मग तो चर्चला यायचा दिवस उजाडला. हातात तीच काठी. लोक उठून उभे राहिले. पाळकांनी त्याला साक्ष द्यायला बोलावलं नाही, पण तोच उठला, बसल्या जागी, काठीवर भार देऊन.

"बोटं गेली, पाय आहे," तो म्हणाला. "काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे. पाव आता बरे होतायत असं ऐकतो. उद्यापासून भट्टीवर मी येईन. एवढंच." आणि बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशींनी नाक शिंकरलं आणि गीत सुरू केलं.

भिंतीवरच्या खुंट्या तशाच होत्या. मी काढायला निघालो होतो, पाळक म्हणाले राहू द्या. त्यांच्यावर आता पावसाळ्यात छत्र्या टांगतात.

उपासना संपल्यावर मी दाराशी उभा होतो. ढब्बू ठक ठक करत आला. माझ्यासमोर थांबला. तोंडावर काहीच नव्हतं, ना राग ना हसू. मी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचेना. बदकसुद्धा आठवेना.

त्यानं काठी उचलली, तिचं टोक माझ्या बुटावर नेमकं अंगठ्यापाशी टेकवलं आणि सगळा भार टाकला. सगळा. ढब्बूचा.

"आई गं!"

"दुखतंय?"

"दुखतंय रे मेल्या! काढ! पाय मोडला माझा!"

त्यानं काढली नाही. नीट बघून घेतलं माझ्या तोंडाकडे, भट्टीतला पाव झाला का बघतात तसं.

"देवाची स्तुती असो," ढब्बू म्हणाला, आणि खदाखदा हसत, माझ्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या उतरायला लागला.